धांवा आणि खुर्च्या

क्रिकेटच्या मैदानाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे धांवांचा हिशेब मांडावा, शतकवीरांचीं नांवें द्यावीं आणि थांबावें, अशी वहिवाट आहे. घरोघरीं हाच प्रकार चालतो. ज्यांच्या घरीं अद्याप तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात त्या वाचकांस हा अनुभव असेलच. आजोबा आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या मर्चंटच्या धांवा सांगतात, काकामंडळी सरदेसाईंचें द्विशतक काढतात, आणि नातवंडें सेहवागखेरीज कोणाचें नांव ऐकून घेत नाहींत. वाद रंगतो, ताटें वाळतात. पण हीं सर्व मंडळी एकाच मैदानाविषयीं बोलत आहेत, ही गोष्ट पुष्कळदां कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. तें मैदान म्हणजे मुंबईचें ब्रेबोर्न. या महिन्यांत आम्हीं त्याचीच हकीकत घेतली आहे. मात्र धांवांबरोबर खुर्च्यांचाही हिशेब आम्ही देणार आहों. कारण हें मैदान पहिल्याच वर्षीं गाजलें तें खुर्च्यांच्या भांडणानें, आणि पुढें ओस पडलें तेंही खुर्च्यांच्याच भांडणानें.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे. आपल्या देशांतील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरांत १५ तारखेस सुरू झाला. ब्रेबोर्नचें मैदान तेव्हां अस्तित्वांतच नव्हतें. सामना झाला तो बॉम्बे जिमखान्यावर. इंग्लंडचा नायक जार्डिन, आपला नायक सी. के. नायडू. आपण हरलों, नऊ गडी राखून इंग्लंडनें आपणांस हरविलें. परंतु दुसऱ्या डावांत लाला अमरनाथ यांनीं ११८ धांवा काढल्या, आणि कसोटी सामन्यांतील भारतीय खेळाडूचें तें पहिलें शतक होय. प्रेक्षकांनीं त्यांच्यावर बक्षिसांचा वर्षाव केला. तथापि ज्या जिमखान्याच्या मैदानावर हें शतक झालें त्याचें सभासदत्व त्या काळीं एतद्देशीय माणसास मिळत नसे. येथें यजमान कोण आणि पाहुणा कोण, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडावा अशी ती स्थिति होती.

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दाखवितांना आपल्या डोळ्यांतलें मुसळ झांकून चालणार नाहीं. याच जिमखान्यावर १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान अशा चार संघांचे चौरंगी सामने होत. हिंदु संघाचे अग्रगण्य गोलंदाज पळवणकर बाळू हे चर्मकार समाजांतले. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. आणि तरीही पुण्यांतील हिंदु क्लबांत खेळत असतां मध्यंतरीं त्यांचा चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांतून दिला जाई. संघाचें नायकपद त्यांच्या वाट्यास आलें नाहीं. तें मिळालें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस, १९२३ सालीं. आणि त्याच वर्षीं हिंदु संघानें स्पर्धा जिंकली. तो चहा बाहेर पाठविणारे लोक आपल्यासारख्याच सुशिक्षित घरांतले होते. हें लिहितांना लेखणी अडखळते, पण खुर्च्यांची हकीकत सांगावयाची तर कोणास आंत बसूं दिलें नाहीं हें प्रथम सांगितलें पाहिजे.

असो. १९३३ च्या नोव्हेंबरांत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. लंडनच्या लॉर्ड्सप्रमाणें आपल्या देशांतील क्रिकेटलाही स्वतःचें एक घर असावें, ही तिच्या चालकांची आकांक्षा. या खटपटींत पुढाकार होता अँथनी डिमेलो यांचा. हे गृहस्थ मोठे बोलके. बॅकबेची भरणी घालून समुद्राकडून नुकतीच मिळविलेली जमीन सरकारच्या ताब्यांत होती. डिमेलो यांनीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांस विचारलें म्हणे, कीं सरकारसाठीं पैसा हवा, कीं स्वतःसाठीं अमरत्व? गव्हर्नरसाहेबांनीं अमरत्व पसंत केलें. नव्वद हजार चौरस यार्ड जमीन, यार्डास साडेतेरा रुपये या दरानें संस्थेस मिळाली आणि २२ मे १९३६ रोजीं ब्रेबोर्नसाहेबांच्याच हस्तें कोनशिला बसली. पण गंमत अशी कीं, ७ डिसेंबर १९३७ रोजीं मैदानाचें उद्घाटन झालें तेव्हां ज्यांचें नांव त्यास दिलें ते मुंबईंत नव्हतेच. त्यांची बदली बंगालकडे झाली होती, आणि समारंभ नवे गव्हर्नर लम्ले यांनीं उरकला. लॉर्ड ब्रेबोर्न १९३९ च्या फेब्रुवारींत कलकत्त्यास निधन पावले. नांव मात्र राहिलें.

नवें मैदान, नवे सज्जे, नव्या खुर्च्या. चौरंगी सामनेही जिमखान्यावरून येथें आले, आणि त्याच वर्षीं देशी ख्रिस्ती, ज्यू वगैरे लोकांचा ‘रेस्ट’ नांवाचा पांचवा संघ घेऊन ते पंचरंगी झाले. आतां सर्व कांहीं मनासारखें होईल अशी अपेक्षा करावी, तों पहिल्याच वर्षीं हिंदु संघ खेळावयास उतरला नाहीं! कारण काय, तर हिंदु जिमखान्याच्या वांट्यास आलेल्या खुर्च्या थोड्या होत्या. प्रेक्षकांत मोठा भरणा आमचा, तेव्हां जागाही त्या मानानें हव्यात, असें जिमखान्याचें म्हणणें. मैदानाच्या मालकांस तें मान्य होईना. स्पर्धा हिंदूंवांचून झाली आणि मुसलमान संघानें ती जिंकली. त्या भांडणांत न्याय कोणाच्या बाजूस होता हें आज ठरवीत बसण्यांत अर्थ नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, परक्यांनीं दारांत उभें केलें म्हणून ज्यांनीं स्वतःचें घर बांधलें, त्यांनीं गृहप्रवेशाच्याच दिवशीं पाटांवरून भांडण केलें.

पुढें हिंदु संघ परत आला आणि या मैदानानें जें पाहिलें त्याची तोड आपल्या क्रिकेटच्या इतिहासांत क्वचित् सांपडेल. विजय मर्चंट आणि विजय हजारे यांची ती चढाओढ होय. दोघांचें नांव एक, दोघेही स्वभावानें अबोल, आणि दोघांची फलंदाजी शास्त्रशुद्ध. मर्चंट मुंबईच्या धनाढ्य गुजराती घरांतले. हजारे सांगलीचे, धर्मानें ख्रिस्ती, म्हणून रेस्ट संघाचे. १९४१ सालच्या मोसमांत मर्चंट यांनीं मुसलमान संघाविरुद्ध नाबाद २४३ धांवा करून स्पर्धेंतला उच्चांक स्थापिला. १९४३ च्या स्पर्धेंत हजारे यांनीं त्याच संघाविरुद्ध २४८ करून तो मोडला. अंतिम सामन्यांत दोघे समोरासमोर आले. हिंदु संघानें पांच गड्यांच्या मोबदल्यांत ५८१ वर डाव सोडला, आणि त्यांत मर्चंट नाबाद २५०! उच्चांक पुन्हां मर्चंट यांजकडे गेला, फक्त दोन धांवांनीं.

रेस्ट संघाचा पहिला डाव १३३ वर आटोपला. फॉलोऑन आला. सामना येथेंच संपला, असें समजून पुष्कळ लोक घरीं जावयाच्या तयारीस लागले असतील. मग हजारे आले आणि खेळूं लागले. एकीकडून गडी पडत होते. सहाव्या गड्यासाठीं त्यांचे बंधु विवेक हजारे आंत आले, आणि दोघां भावांनीं मिळून ३०० धांवांची भागी केली. या तीनशेंत विवेक यांचा वांटा २१ धांवांचा. वाचकांनीं हा आंकडा क्षणभर डोळ्यांपुढें धरावा. भावाच्या धांवा व्हाव्यात म्हणून तासन् तास बॅट पुढें करून उभें राहावयाचें, स्वतःसाठीं कांहीं मागावयाचें नाहीं आणि बाद व्हावयाचें नाहीं. संघाच्या एकंदर ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. उच्चांक पुन्हां त्यांजकडे आला, सामना मात्र हिंदु संघानें एक डाव आणि ६१ धांवांनीं जिंकला. विक्रमांच्या पुस्तकांत ३०९ हा आंकडा सांपडतो. आम्हांस विचारलें तर त्या डावांतला आमच्या आवडीचा आंकडा २१ हा आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास त्याचें कारण समजावून सांगावें लागणार नाहीं.

मर्चंट स्वस्थ बसले नाहींत. त्याच मोसमांत, १९४३ च्या डिसेंबर अखेरीस सुरू झालेल्या रणजी सामन्यांत, याच मैदानावर महाराष्ट्राच्या गोलंदाजांस त्यांनीं असें कांहीं झोडपलें कीं नाबाद ३५९ धांवा झाल्या. रुसी मोदींबरोबर सहाव्या गड्यासाठीं ३७१. महाराष्ट्रानें त्याची भरपाई पांच वर्षांनीं पुण्यास केली. १९४८ च्या डिसेंबरांत भाऊसाहेब निंबाळकर यांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. पण ती हकीकत दुसऱ्या मैदानाची.

पंचरंगी सामन्यांवर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त होती. धर्मावर संघ उभारणें हें मनुष्याच्या मनांत भिंती घालणें होय, असें म्हणणारे लोक पूर्वींपासून होते. १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींस भेटलें तेव्हां त्यांनींही आपला विरोध स्पष्ट केला. आमचेंही मत त्यांच्याकडेच झुकतें. तरी एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. १९४४ सालच्या मोसमांतील अंतिम सामना हिंदु आणि मुसलमान यांचा. देशांतील वातावरण कसें होतें तें सांगावयास नकोच. मुसलमान संघानें तो सामना अवघा एक गडी राखून जिंकला, आणि त्यांचे सलामीचे फलंदाज इब्राहिम अखेरपर्यंत नाबाद राहिले. इतक्या चुरशीच्या पराजयानंतर मैदानावर दंगल झाली नाहीं. खेळणाऱ्यांनीं आणि पाहणाऱ्यांनीं जी सभ्यता त्या दिवशीं दाखविली ती बाहेरच्या जगांत दोनच वर्षांनीं कोठें नाहींशी झाली? १९४६ नंतर पंचरंगी सामने पुन्हां झाले नाहींत.

१९४५ च्या मार्चमधील रणजी करंडकाचा अंतिम सामनाही सांगण्याजोगा आहे. मुंबई विरुद्ध होळकर. मुंबईनें ४६२ आणि ७६४ धांवा केल्या, होळकरांनीं ३६० आणि ४९२, एकूण २०७८. होळकर संघाचे नायक सी. के. नायडू, आणि त्यांचे धाकटे बंधु सी. एस. हे त्यांचे मुख्य गोलंदाज. थोरल्या भावानें चेंडू हातीं दिला तो परत घेतलाच नाहीं म्हणावयाचें! सी. एस. यांनीं त्या एका सामन्यांत ९१७ चेंडू टाकले, ४२८ धांवा दिल्या आणि अकरा गडी बाद केले. वडील बंधूची आज्ञा पाळण्याचें याहून मोठें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. मुंबईतर्फे मर्चंट यांनीं २७८ काढल्या. होळकरांपुढें ८६७ धांवांचें अशक्य काम होतें. मुश्ताक अली यांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं. आणि लष्करी नोकरीनिमित्त महूस असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९ पर्यंत पोंचला. शतकानंतरच्या प्रत्येक धांवेस रोख बक्षीस देण्याचें एका धनिकानें कॉम्प्टनला कबूल केलें होतें आणि खेळ संपल्यावर ते गृहस्थ तांतडीच्या कामासाठीं कलकत्त्यास निघून गेले, अशी एक गोष्ट सांगतात. मुंबई ३७४ धांवांनीं जिंकली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या डिसेंबरांत येथें पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजनें ६२९ धांवा केल्या, मोदी व हजारे यांनीं शतकें काढून सामना वांचविला. खरी आठवण आहे ती त्याच मोसमांतील दुसऱ्या सामन्याची, फेब्रुवारी १९४९ ची. जिंकावयास ३६१ धांवा हव्या होत्या. तोंपर्यंत भारतानें एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. हजारे १२२, मोदी ८६. शेवटीं फडकर आणि गुलाम अहमद खेळत होते, आठ गडी बाद होते आणि सहा धांवा उरल्या होत्या. त्या गडबडींत षटकांतील एक चेंडू बाकी असतांना पंचांनीं बेल्स उचलल्या. ३५५ वर सामना अनिर्णित राहिला. त्या एका चेंडूवर षटकार बसलाच असता असें म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांच्याशीं वाद घालूं नये हें उत्तम.

यापुढची वीस वर्षें आपण जलद ओलांडूं. १९५२ मध्यें येथेंच पाकिस्तानवर दहा गडी राखून विजय. १९५५ मध्यें न्यूझीलंडविरुद्ध विनू मांकड यांच्या २२३ धांवा. १९६० च्या जानेवारींत अब्बास अली बेग यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत अर्धशतकें केलीं, तेव्हां प्रेक्षकांतून एक तरुणी धांवत मैदानावर आली आणि त्यांच्या गालाचें चुंबन घेऊन गेली. त्या दिवशीं किती घरांतील आजीबाईंनीं रेडिओ बंद करावयास सांगितला असेल याची गणती कोठें झालेली नाहीं. १९६४ सालीं दसऱ्याच्या दिवशीं, १५ ऑक्टोबरला, पुण्याचे चंदू बोर्डे यांनीं इंद्रजितसिंह यांना जोडीस घेऊन ऑस्ट्रेलियावर दोन गड्यांनीं विजय मिळविला; सोनें लुटलें म्हणतात तें असें. त्यानंतर पांचच महिन्यांनीं न्यूझीलंडनें आपला डाव ८८ धांवांत गुंडाळला आणि फॉलोऑन दिला. मडगांवचे दिलीप सरदेसाई दुसऱ्या डावांत नाबाद २०० करून राहिले, बोर्डे यांनीं १०९ काढल्या, आणि हरणारा तो न्यूझीलंडच हरतां हरतां वांचला; त्यांचे ८० धांवांत आठ गडी गेले होते. गोवा मुक्त होऊन तेव्हां चार वर्षेंही झालीं नव्हतीं.

आतां पुन्हां खुर्च्या. मैदान क्लबाच्या मालकीचें, आणि सामने भरविणारी मुंबईची क्रिकेट संघटना निराळी. संघटनेस आपल्या शेंकडों क्लबांसाठीं जागा हव्यात, क्लबास आपल्या सभासदांसाठीं. दर सामन्यास रदबदली, दर सामन्यास रुसवेफुगवे. संघटनेच्या बाजूस होते शेषराव वानखेडे, विधानसभेचे अध्यक्ष. क्लबाच्या अध्यक्षपदीं होते विजय मर्चंट. ज्यांच्या धांवांनीं ब्रेबोर्नची कीर्ति झाली तेच मर्चंट! दोघेही करारी, दोघेही आपापल्या परीनें बरोबर. तडजोड झाली नाहीं. संघटनेनें अर्ध्या मैलाच्या आंत, चर्चगेटच्या रुळांलगत, स्वतःचें मैदान बांधलें आणि १९७५ च्या जानेवारींत तेथें, वानखेडे स्टेडियमवर, पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबोर्नवरचा तत्पूर्वींचा कसोटी सामना १९७३ च्या फेब्रुवारींतला, इंग्लंडविरुद्धचा. सलीम दुराणींस वगळल्याबद्दल लोकांनीं फलक झळकाविले होते आणि निवडसमितीस त्यांस परत घ्यावें लागलें होतें, तोच तो सामना.

आमच्या मतें दोष मैदानांचा नव्हे. एका शहरांत हाकेच्या अंतरावर दोन मोठीं क्रीडांगणें बांधण्याइतका पैसा आपल्याजवळ होता, पण चार रांगा खुर्च्या वांटून घेण्याइतका समंजसपणा नव्हता, एवढेंच. जुन्या वाड्यांच्या वांटण्या झाल्या तेव्हां मधल्या चौकांत भिंत घालणारे भाऊ आम्हीं पाहिले आहेत; त्यांचेंही प्रत्येकाचें म्हणणें बरोबरच असे.

यानंतर छत्तीस वर्षें ब्रेबोर्नवर कसोटी सामना झाला नाहीं. मैदान अगदींच निजलें नव्हतें. १९९८ च्या फेब्रुवारींत मुंबईकडून खेळतांना सचिन तेंडुलकर यांनीं शेन वॉर्नसह आलेल्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध नाबाद २०४ धांवा येथेंच केल्या. आणि मग २००९ च्या डिसेंबरांत वानखेडेची पुनर्बांधणी चालू असल्यामुळें श्रीलंकेविरुद्धचा सामना जुन्या घरीं आला. वीरेंद्र सेहवाग यांनीं एका दिवसांत २८४ धांवा केल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आणखी नऊ, आणि २९३ वर मुरलीधरन यांनीं आपल्याच गोलंदाजीवर त्यांचा झेल घेतला. भारताच्या नऊ बाद ७२६, विजय एक डाव आणि २४ धांवांनीं, आणि त्या विजयानें कसोटी क्रमवारींत भारत प्रथमच अग्रस्थानीं गेला.

२०१८ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या संघटनेच्या कारभारांत पेंच पडला म्हणून वानखेडेवर ठरलेला वेस्ट इंडीजविरुद्धचा एकदिवसीय सामनाही ब्रेबोर्नवर आणावा लागला. भारतानें तो २२४ धांवांनीं जिंकला. रोहित शर्मा १६२.

अलीकडे या मैदानास अधिक परिचय झाला आहे तो स्त्रियांच्या क्रिकेटचा. २०१३ च्या फेब्रुवारींत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना येथें झाला, ऑस्ट्रेलियानें वेस्ट इंडीजला ११४ धांवांनीं हरविलें. २०२३ मध्यें महिलांची पहिली प्रीमियर लीग भरली आणि तिचा अंतिम सामनाही येथेंच झाला. मुंबईनें दिल्लीवर सात गडी राखून मात केली. त्याच स्पर्धेंत ८ मार्च रोजीं, महिला दिनीं, गुजरात आणि बंगळूर या संघांचा सामना ब्रेबोर्नवर होता, आणि त्या दिवशीं सर्वांस प्रवेश विनामूल्य ठेवण्यांत आला होता.